‘आमच्याकडे सगळे पेशंट सारखे’ म्हणजे नक्की कुणासारखे?

हिंदू घरातला एखादा म्हातारा पेशंट वॉर्डात शेवटच्या घटका मोजत असतो तेव्हा काय होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. सून पर्समधून गंगाजलाची कुपी काढते. कुणीतरी तुळशीचं पान आणलेलं असतं. दोन थेंब ओठांवर सोडले जातात, उशाशी मोबाइलवर विष्णुसहस्रनाम हळू आवाजात चालू असतं. सिस्टर येते, बघते, पडदा ओढून घेते आणि निघून जाते. तिची कुणी परवानगी मागत नाही आणि तीही कुणाला हटकत नाही. असंच व्हायला हवं.

शेजारच्या कॉटवर मुसलमान पेशंट असतो. त्याचा मुलगा विचारतो, “सिस्टर, अब्बांची कॉट जरा फिरवता येईल का? तोंड पश्चिमेला करायचं होतं.” आणि उत्तर येतं, “तसं चालत नाही. आमच्याकडे सगळे पेशंट सारखे.”

या वाक्याशी माझं भांडण आहे. ते ऐकायला फार छान वाटतं, म्हणून जास्तच. सगळे सारखे, पण कुणासारखे? ज्याच्या चालीरीती सिस्टरला लहानपणापासून माहीत आहेत, त्याला काही मागावंच लागत नाही. त्याच्या गोष्टी ‘नॉर्मल’ असतात. ज्याच्या माहीत नाहीत, त्याची तीच गरज ‘स्पेशल डिमांड’ ठरते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गणपतीची तसबीर आहे, दसऱ्याला व्हेंटिलेटरला झेंडूची माळ पडते. त्याला माझी हरकत नाही. पण अशा हॉस्पिटलने ‘आम्ही धर्म बघत नाही’ म्हणायचं आणि ते फक्त मुसलमान नातेवाइकांनाच ऐकवायचं, हे काही बरोबर नाही.

यात दर वेळी कुणाच्या मनात द्वेष असतो, असं मी म्हणत नाही. रात्रपाळीला तीस कॉटना दोन सिस्टर असतात आणि त्यांना पाणी प्यायलाही वेळ नसतो. बहुतेक वेळा कारण असतं ते अज्ञान आणि कामाचा बोजा. पण २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साडेअकरा टक्के लोक मुसलमान आहेत, म्हणजे साधारण नऊ माणसांत एक. नऊ पेशंटमागे येणारी गोष्ट ‘आम्हाला माहीत नव्हती’ हे कारण किती वर्षं पुरेल?

आता ही माणसं शेवटच्या दिवसांत मागतात तरी काय, ते बघू या.

पहिली गोष्ट दिशेची. मरणासन्न माणसाचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला असावं अशी इच्छा असते. आपल्याकडून ही दिशा पश्चिम, किंचित उत्तरेकडे झुकलेली. पेशंटला उजव्या कुशीवर वळवतात, किंवा उताणं ठेवून पाय त्या दिशेला करून डोकं थोडं उचलून ठेवतात. आता वैद्यकीय बाजू बघा. शेवटच्या काळात घशात लाळ साचून घरघर सुरू होते, तेव्हा आम्ही पेशंटला कुशीवरच वळवतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं हे नर्सिंगचं रोजचं काम आहे. म्हणजे जे तसंही करायचंच आहे, ते एका ठरावीक दिशेला करा, एवढंच मागणं आहे. ऑक्सिजनची नळी भिंतीतून येते, मॉनिटरच्या वायरी आखूड असतात, त्यामुळे कॉट फिरत नाही हे खरं. मग कॉट राहू द्या, पाठीमागे उशी लावून पेशंटला वळवा. तेही शक्य नसेल, तर मान हलक्या हाताने वळवा. आणि अगदीच जमत नसेल तर नातेवाइकांना नीट सांगा. आजारी माणसाला त्रास होत असेल तर सक्ती नाही, हे त्यांनाही माहीत असतं. त्यांना फक्त कळायला हवं असतं की आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं.

दुसरी गोष्ट आबे जमजम. हज किंवा उमऱ्याहून आणलेलं हे पाणी घराघरांत जपून ठेवलेलं असतं, अशाच वेळेसाठी. इथे मात्र सिस्टरची भीती खरी आहे. गिळता न येणाऱ्या पेशंटच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. पण म्हणून बाटली काढून घ्यायची नसते. दर थोड्या वेळाने ओल्या कापसाने किंवा स्पंजने तोंड पुसणं, ओठ ओले ठेवणं हे आम्ही करतोच. ते पाणी नळाचं असण्याऐवजी जमजमचं असलं, तर बिघडलं कुठे? बोळा ओला करून पिळायचा आणि मुलीच्या हातात द्यायचा. तिला आईसाठी काहीतरी करायला मिळतं आणि आईचं तोंड कोरडं पडत नाही. गंगाजलाचा नियमही हाच, बरं का. तिथेही चमचा नको, बोळा हवा.

जवळचं कुणीतरी कानाशी हळू आवाजात कलमा म्हणतं, त्याला तल्कीन म्हणतात. सूरह यासीन वाचली जाते. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसालाही ऐकू येत असू शकतं, म्हणून आम्ही सगळ्याच नातेवाइकांना ‘बोलत राहा’ असं सांगतो. मग यांना ‘आवाज करू नका’ कशासाठी? शेजारच्या पेशंटला त्रास होईल इतका आवाज नको, हे सांगणं वेगळं. एक खुर्ची द्या आणि पडदा ओढून घ्या.

गर्दीबद्दल मात्र मला दोन्ही बाजूंना बोलायचंय. आजारी माणसाला भेटायला जाणं हे मुसलमानांत निव्वळ शिष्टाचाराचं नसतं, ते धार्मिक कर्तव्य मानलं जातं. त्यामुळे ‘एका पेशंटला एक पास’ या नियमावर वीस माणसं येऊन आदळतात आणि सिक्युरिटीवाल्याशी वाद होतो. हॉस्पिटलने मृत्यू जवळ आलेल्या पेशंटसाठी पासचा नियम सैल करावा, सगळ्यांसाठीच करावा. पण तुम्ही घरच्यांनीही एक माणूस नेमा, जो डॉक्टरांशी बोलेल आणि बाकीच्यांना दोघा-दोघांनी आत सोडेल. आयसीयूच्या दारात सगळं मोहल्लापुराण उभं केलंत, तर पलीकडच्या कॉटवरच्या पोराला झोप लागणार नाही.

‘आता कसली लाज?’

हा प्रश्न मी वॉर्डात इतक्यांदा ऐकला आहे की आता कान विटले. जन्मभर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई शेवटच्या आठवड्यात पडून असते. वॉर्डबॉय येतो, पडदा अर्धवट ओढतो, चादर पूर्ण काढतो आणि स्पंजिंग सुरू करतो. ती डोळे मिटून घेते. सून म्हणते, बाईमाणूस मिळेल का? तर उत्तर हे, की आता कसली लाज. ज्यांना बोलता येत नाही त्यांची लाज संपली, असं आम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवलं होतं?

स्त्रीला स्त्रीने आणि पुरुषाला पुरुषाने हाताळावं, हा आग्रह मुसलमान घरांत ठळकपणे बोलून दाखवला जातो इतकंच. तुमच्या आजीला विचारा, तिलाही हेच हवं असतं. फक्त ती ‘डॉक्टरांना कसं सांगायचं’ म्हणून गप्प बसते. प्रत्येक पाळीला बाई मिळेलच असं नाही, मान्य. पण पडदा पूर्ण ओढायला, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवायला, लघवीची नळी घालण्याआधी ‘आम्ही आता असं करणार आहोत’ हे पेशंटला सांगायला आणि घरातल्या बाईला शेजारी उभं राहू द्यायला नवीन भरती लागत नाही. डोक्याचा स्कार्फ ईसीजीच्या आड येत नाही.

स्वच्छतेचंही असंच. शौचानंतर पाण्याने धुणं मुसलमान पेशंटला आवश्यक वाटतं. डायपर बदलताना नुसत्या टिश्यूने पुसून काढलं की तो दिवसभर स्वतःला नापाक समजत राहतो. तांब्याभर पाणी आणि एक ओला कपडा, एवढ्याने काम होतं. नळी लावलेले किंवा पोटावर पिशवी असलेले कित्येक पेशंट ‘आता आपली नमाज होणार नाही’ असं स्वतःच ठरवून टाकतात आणि मनाने खचत जातात. खरं तर आजाऱ्याला भरपूर सवलती आहेत. पाणी चालत नसेल तर वजूऐवजी तयम्मुम करता येतो, उठता येत नसेल तर पडल्यापडल्या इशाऱ्याने नमाज होते. हे आम्ही डॉक्टरांनी फतवा दिल्यासारखं सांगायचं नाही. ‘तुमच्या इमामसाहेबांना फोन लावून विचारू या का?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. त्या फोननंतर पेशंटचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे.

इथे एक सावधगिरी. वर लिहिलेली यादी पाठ करून प्रत्येक मुसलमान पेशंटवर चालवू नका. सुन्नी, शिया, बोहरा, खोजा, मेमन यांच्या पद्धतींत फरक आहेत. एखादा आयुष्यात कधी मशिदीत गेलेला नसतो आणि त्याला शेवटी बेगम अख्तरच ऐकायच्या असतात. रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुसलमानांच्या घरात आपल्याच कोकणातली बोली बोलली जाते, आणि त्यांच्या म्हाताऱ्यांशी सिस्टर दाढी बघून मोडक्या हिंदीत मोठ्याने बोलत असतात. ‘चाचा, दर्द है क्या?’ अहो, ते मघापासून मराठीत सांगतायत की पाठ दुखते.

माणसाला त्याचं मरण कळू द्या

आतापर्यंत हॉस्पिटलला बोललो. आता नातेवाइकांना, आणि यात हिंदू-मुसलमान सगळे आले. ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका, त्यांना धक्का बसेल.’ रोज ऐकतो. पेशंटला बहुतेक वेळा सगळं समजलेलं असतं. तोही तुम्हाला धक्का बसू नये म्हणून गप्प असतो.

मुसलमान पेशंटच्या बाबतीत या लपवाछपवीची किंमत आणखी मोठी आहे. त्याच्या श्रद्धेप्रमाणे मरण्याआधी काही कामं उरकायची असतात. कुणाचं कर्ज असेल तर ते फेडायचं किंवा फेडण्याची सोय लावायची. बायकोचा मेहर द्यायचा राहिला असेल, तर तेही कर्जच. वसीयत करायची असेल तर साधारणपणे मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते; भारतात मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखाली ती तोंडीही चालते, पण त्यासाठी माणूस शुद्धीत हवा. आणि ज्यांच्याशी भांडण झालं होतं त्यांची माफी मागायची असते. भाऊ दहा वर्षं बोलत नाही, त्याला बोलवायचं असतं. तुम्ही ‘काही नाही हो, दोन दिवसांत घरी सोडतील’ म्हणत राहिलात, तर हे सगळं करायची त्याची संधी तुम्ही प्रेमापोटी काढून घेतलीत. सगळं एकदम सांगायची गरज नसते. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचं आहे?’ हा प्रश्न आम्ही पेशंटलाच विचारायला हवा, आणि तुम्ही तो विचारू द्यायला हवा.

दुसरी अडचण मॉर्फिनची. ‘नशा हराम आहे’ म्हणून वेदनेने तळमळणाऱ्या बापाचं औषध थांबवणारी मुलं असतात. वेदनेसाठी डॉक्टरने मोजून दिलेलं मॉर्फिन म्हणजे नशा नव्हे, आणि गरजेपोटी घेतलेलं औषध जायज आहे असंच बहुसंख्य उलेमा सांगतात. पुन्हा, शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा, पण बापाला रात्रभर ओरडत ठेवून विचारू नका. उलट बाजूने आम्हीही ऐकायला शिकलं पाहिजे. काही पेशंट म्हणतात, थोडं दुखलं तरी चालेल, पण कलमा म्हणण्याइतकी शुद्ध राहू दे. हा हट्ट नाही, हे उपचाराचं उद्दिष्ट आहे, आणि डोस त्याप्रमाणे कमी-जास्त करता येतो. रमजानचंही तसंच. इतक्या आजारी माणसाला रोजे माफ आहेत. तरीही कुणाला एखादा रोजा धरायचाच असेल, तर त्याला रागावण्याआधी बघा की बारा तासांनी घ्यायच्या गोळ्या सेहरी आणि इफ्तारला बसवता येतात का, किंवा तीन दिवस चालणारा फेंटानिलचा पॅच लावता येतो का. रक्त पातळ ठेवणारी हेपारिनची इंजेक्शनं डुकराच्या आतड्यापासून बनतात, हेही पेशंटला सांगायला हवं. जीव वाचवण्यासाठी बहुतेक जण ती स्वीकारतात. शेवटच्या दिवसांत तर ती बहुधा बंदच करायची असतात.

‘ही माणसं ऐकत नाहीत, शेवटपर्यंत व्हेंटिलेटर मागतात’ असं डॉक्टरांच्या खोलीत बोललं जातं. त्यांच्याशी नीट बोललं कोण? केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात सुमारे सत्तर टक्के वस्ती मुसलमानांची आहे, आणि घरोघरी जाऊन शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं देशातलं सर्वांत नावाजलेलं पॅलिएटिव्ह केअरचं जाळं त्याच भागात उभं राहिलं, शेजारपाजारच्या स्वयंसेवकांच्या बळावर. मेंदूमृत झालेल्या पेशंटची यंत्रं काढता येतात, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानला केला होता. उपचार निरुपयोगी ठरत असतील तर ते ओढत नेण्याची सक्ती नाही, असं मत देणारेही अनेक उलेमा आहेत. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. ‘ऐकत नाहीत’ हे बऱ्याचदा न बोलण्याचं निमित्त असतं.

मृत्यूनंतरचे सहा तास

माझा खरा राग इथे आहे. मुसलमानांत दफन शक्य तितक्या लवकर करतात. पहाटे माणूस गेला तर जोहरच्या नमाजनंतर माती द्यायची, असं घरच्यांच्या मनात असतं. आणि आमच्याकडे पहाटे चारला गेलेल्या माणसाचा मृतदेह दुपारी तीनपर्यंत निघत नाही. का? बिलिंग काउंटर नऊला उघडतं. मग विमा कंपनीची मंजुरी यायची असते. मग मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर सही करणारे डॉक्टर ओपीडीत असतात. यातलं एकही कारण वैद्यकीय नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुढे मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट लिहिलं आहे की पैशांच्या वादासारख्या कारणावरून मृतदेह अडवून ठेवता येणार नाही. मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४, देणं हे शेवटचे उपचार करणाऱ्या डॉक्टरचं कायदेशीर काम आहे, आणि त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. अपघातासारख्या पोलिस केसमध्ये शवविच्छेदन टळत नाही, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. पण ते सूर्यास्तानंतर होतच नाही, हे आता सरसकट खरं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सोयी असलेल्या रुग्णालयांत ते रात्रीही करायला परवानगी दिली; खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय अशा प्रकरणांचा अपवाद ठेवून. तुम्हाला ‘उद्या सकाळी या’ सांगितलं, तर हे विचारा.

सिस्टरकडून या वेळी काय हवं असतं? डोळे मिटवावेत, हनुवटीखालून पट्टी बांधावी, हातपाय सरळ करावेत, अंग चादरीने झाकावं. नळ्या आणि सुया काढल्यावर त्या जागी घट्ट, पाणी न झिरपणारी पट्टी लावावी. ही पट्टी फार महत्त्वाची. ती नसेल तर गुस्ल घातल्यावर रक्त झिरपत राहतं आणि पांढऱ्या कफनावर डाग पडतो, आणि तो डाग घरचे कधी विसरत नाहीत. अंघोळ घालू नये, ते घरचे करतील. नखं-केस कापू नयेत. मृतदेह हलवताना आदळू नये. यात अवघड काय आहे?

करोनात मुंबईने हे सगळं एकदम अनुभवलं. ३० मार्च २०२० रोजी महापालिकेचं परिपत्रक निघालं, की कोविडने गेलेल्या सगळ्यांना, धर्म कुठलाही असो, अग्नीच द्यायचा. ‘सगळे सारखे’चं याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही. त्याच दिवशी ते बदलावं लागलं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानावरून वाद उच्च न्यायालयात गेला, आणि मे महिन्यात न्यायालयाने दफनाला विरोध करणाऱ्यांची याचिका फेटाळताना सन्मानाने अंत्यसंस्कार होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मृतदेहामुळे शेजारी संसर्ग पसरतो याला आधार नव्हता. भीतीला शास्त्राचा वेष चढवला होता, बस.

हे सगळं अशक्य वाटत असेल तर वांद्र्यालाच जाऊन या. तिथे शांती आवेदना सदन आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस. ख्रिस्ती नन तिथे सगळ्या धर्मांच्या कॅन्सर पेशंटची शेवटपर्यंत शुश्रूषा करत आल्या आहेत.

तुम्ही मुसलमान असा वा नसा, ॲडमिशनच्या फॉर्मवर ‘शाकाहारी / मांसाहारी’ असा रकाना असतो, तो तुम्ही भरलाच असेल. त्याच्या खाली एक ओळ मागा: ‘तब्येत खालावली तर आम्ही कोणत्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात आणि कुणाला फोन करावा?’ छापलेली नसेल तर पेनाने लिहा, सिस्टरला दाखवा आणि तो कागद केसपेपरच्या पहिल्या पानाला पिन करायला सांगा. रात्रपाळीची सिस्टर बदलली तरी कागद तिथेच राहतो.